घरी चिकन शोयु रामेन: नितळ सूप, तारे, तेल आणि नूडल्स

रश्श्याची सवय असलेल्या हाताला रामेन करताना पहिली अडचण येते ती मिठाची. आपल्याकडे मीठ, वाटण, तेल सगळं एकाच भांड्यात पडतं आणि तिथेच मुरतं. रामेनचं सूप मात्र चुलीवरून उतरेपर्यंत अळणीच राहतं. आपल्या ‘अळणी सुपा’त निदान नावाला मीठ असतं, इथे तेही नाही. खारटपणा वेगळ्या बाटलीत, स्निग्धता वेगळ्या वाटीत, नूडल्स वेगळ्या पाण्यात. सगळ्यांची गाठ पडते ती वाढायच्या मिनिटभर आधी, थेट वाडग्यात. त्यामुळे रामेन ‘शिजवायचं’ कमी आणि ‘जुळवायचं’ जास्त, आणि बिघडलं तर नेमकं कुठे बिघडलं हे लगेच सापडतं.

खाली दिलेली कृती तोक्यो वळणाच्या चिकन शोयु रामेनची आहे. शोयु म्हणजे सोया सॉस. सूप कोंबडीचं, चहासारखं आरपार दिसणारं; जपानी स्वयंपाकी त्याला ‘तोरी चिंतान’ म्हणतात. तीच हाडं खळखळा उकळली की दुधाळ, दाट सूप होतं, ते ‘तोरी पाइतान’. सोया सॉसवर आधारलेलं रामेन लोकप्रिय केलं ते तोक्योच्या असाकुसा भागातल्या ‘राइराइकेन’ने. हे दुकान १९१० मध्ये ओझाकी कान्इची यांनी योकोहामाच्या चिनी वस्तीतून आचारी आणून सुरू केलं. पाकिटातलं रामेन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९५८ मध्ये आलं. बहुतेकांची रामेनशी ओळख त्या पाकिटापासूनच झालेली असते.

मापं चार वाडग्यांची आहेत. काम दोन दिवसांत विभागा. आदल्या दिवशी सूप, तारे (खारटपणाचा अर्क), तेल, मांस, अंडी आणि नूडल्स. दुसऱ्या दिवशी फक्त वीस मिनिटांची जुळणी. सगळं एकाच दिवशी उरकायला गेलात तर सुपाची घाई होते, आणि सुपाला घाई चालत नाही.

सूप: कोणती हाडं, किती

- कोंबडीची पाठ, मान आणि छातीचा पिंजरा: १.५ किलो
- पंजे: ३०० ग्रॅम
- पंख: ३०० ग्रॅम
- पाणी: ३ लिटर, गार
- आलं: २० ग्रॅम, सालासकट चकत्या
- लसूण: ४ पाकळ्या, नुसत्या ठेचलेल्या
- पातीच्या कांद्याची हिरवी पात: ६० ग्रॅम
- कोम्बु (वाळवलेलं समुद्री शेवाळ): १० ग्रॅम

पिंजऱ्यातून चव येते, पंज्यांतून दाटपणा, पंखांतून दोन्ही. पंज्यांना जपानी स्वयंपाकघरात ‘मोमिजी’ म्हणतात. मोमिजी म्हणजे मेपलचं पान. पंजा पसरला की तसाच दिसतो. त्यात कातडी आणि स्नायुबंध भरपूर, म्हणून कोलॅजन भरपूर. ते सावकाश शिजून जिलेटिन होतं आणि सूप पिताना ओठ किंचित चिकटतात. पंजे वगळले तर सूप चविष्ट होईल, पण तोंडात पाण्यासारखं पातळ लागेल.

कोंबडीचं वयही महत्त्वाचं. बाजारातली ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांची असते. तिचं मांस मऊ, पण हाडांत अर्क कमी. जपानमध्ये रामेनवाले चांगल्या सुपासाठी नागोया कोचिनसारख्या देशी जाती किंवा अंडी देऊन थकलेल्या कोंबड्या शोधतात. आपल्याकडे त्याला सरळ जोड आहे: गावरान कोंबडी किंवा चिकनवाल्याकडची लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी. लेअर स्वस्त मिळते, शिजायला हट्टी असते, आणि याच कामाची असते. निम्मी हाडं ब्रॉयलरची आणि निम्मी लेअरची घेतलीत तरी फरक कळतो. चिकनवाल्याला आधी सांगून ठेवा की कातडी फेकू नकोस. आपल्याकडे कोंबडी सोलूनच देतात, आणि पुढे तेलासाठी कातडीच लागते.

आता हाडं साफ करायची. बहुतेकांचं सूप इथेच गढूळ व्हायला लागतं. पाठीचा तुकडा उलटा धरून आत बघा. कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खोबणीत, लालसर-तपकिरी मऊ गोळे चिकटलेले असतात. ती मूत्रपिंडं आणि फुप्फुसांचे अवशेष. वाहत्या पाण्याखाली अंगठ्याने किंवा चमच्याच्या टोकाने ते खरवडून काढा. राहिले तर सुपाला कडवट, रक्ताळ वास येतो आणि करडा फेस तासभर संपत नाही. पंज्यांची नखं पेरापासून छाटा. वर पिवळी साल असली तर अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात टाका, मग ती मोज्यासारखी निघते. शेवटी सगळी हाडं अर्धा तास गार पाण्यात भिजवा आणि पाणी फेकून द्या.

सूप: आच

सात-आठ लिटरच्या उभट पातेल्यात हाडं आणि गार पाणी घ्या. कोम्बु वेगळ्या वाटीत, याच ३ लिटरमधलं अर्धा लिटर पाणी घेऊन भिजत घाला. ते शेवटी लागेल. पातेलं मध्यम आचेवर ठेवा. उकळी फुटायच्या बेतात यायला अर्धा-पाऊण तास लागला पाहिजे. गरम पाण्याने सुरुवात केली तर प्रथिनं एकदम गोठून बारीक कणांत विखुरतात. गार पाण्यापासून सावकाश गेलं की ती एकत्र येऊन फेसाच्या रूपात वर तरंगतात, मग काढायला सोपी. ढवळू नका. अजिबात नको.

आधी करडा, मळकट फेस येतो. तो सगळा पळीने काढा. शेजारी पाण्याचं भांडं ठेवून पळी त्यात बुडवत राहा. फेस पांढरा आणि विरळ झाला की थांबा, कारण पुढे काढत बसलात तर फेसाबरोबर चरबी आणि चवही जाते.

इथून पुढे पाच तास एकच काम: तापमान ९० ते ९३ अंशांच्या आसपास ठेवायचं. थर्मामीटर नसेल तर बुडबुडे पाहा. एका-दोन ठिकाणाहून सेकंदाला एखादा बुडबुडा वर यावा, पृष्ठभाग नुसता थरथरावा. हाडं जागची हलता कामा नयेत. आपल्या गॅसची सर्वांत मंद आचही पुष्कळदा जास्त होते. बिर्याणीच्या दमाला ठेवतो तसा जाड लोखंडी तवा पातेल्याखाली ठेवा, प्रश्न मिटतो. झाकण ठेवू नका. झाकणाखाली तापमान गुपचूप चढतं आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत असताना सूप खदखदायला लागतं.

खदखदणं एवढं वाईट का? उकळीच्या घुसळणीने चरबीचे सूक्ष्म थेंब होतात, आणि जिलेटिन त्यांना वेढून पाण्यात धरून ठेवतं. दूध पांढरं दिसतं ते बऱ्याच अंशी याच कारणाने. एकदा हे मिश्रण जमलं की नुसतं गाळून नितळ होत नाही. दहा मिनिटांची जोरदार उकळी पाच तासांच्या संयमावर पाणी फिरवते.

चार तास झाल्यावर आलं, लसूण, पात घाला. आधीपासून घातलं तर त्यांचा ताजा वास उडून जातो आणि शिजलेल्या भाजीचा गोडूस, शिळा वास मागे उरतो. साडेचार तासांनी भिजवलेला कोम्बु पाण्यासकट घाला. पातेलं तात्पुरतं निवतं, ते बरंच आहे. कोम्बु जास्त तापला तर बुळबुळीत होतो आणि कडसर चव सोडतो, म्हणून वीस मिनिटांत तो काढून टाका. पाच तासांनी गॅस बंद करा.

गाळताना पातेलं उलटं करू नका. तळाशी बसलेला गाळ उठतो. डावाने सूप वरच्या वर काढून चाळणीवर अंथरलेल्या मलमलच्या ओल्या फडक्यातून गाळा. हाडं दाबून शेवटचा थेंब काढायचा मोह आवरा. त्या थेंबातच गढूळपणा असतो. साधारण पावणेदोन ते दोन लिटर सूप मिळतं. चार वाडग्यांना सव्वा-दीड लिटर पुरतं, बाकीचं चुकांसाठी आणि फ्रीझरसाठी.

गाळलेलं सूप लगेच गार करा. सिंकमध्ये बर्फाचं पाणी करून त्यात पातेलं ठेवा, मधून मधून हलवा, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. कोंबडीचं सूप रात्रभर ओट्यावर ठेवणं धोक्याचं. उकळीतून वाचणारे जिवाणूंचे बीजाणू कोमट सुपात झपाट्याने वाढतात, आणि सकाळी पुन्हा उकळल्याने भरवसा येत नाही. फ्रिजमध्ये सूप तीन दिवस, फ्रीझरमध्ये दोनेक महिने टिकतं. सकाळी डबा हलवून बघा. सूप जेलीसारखं थरथरत असेल तर हाडांनी आपलं काम केलं. पाण्यासारखं वाहत असेल तर पंजे कमी पडले किंवा पाणी जास्त झालं; मंद आचेवर चौथाई आटवा.

गढूळ झालंच तर दोन वाटा आहेत. एक, गार सुपात २०० ग्रॅम चिकन खिमा आणि एका अंड्याचा पांढरा बलक मिसळून अगदी सावकाश तापवा. पहिली पाच-सात मिनिटं तळ खरवडत ढवळा, मग हात लावू नका. खिमा-बलकाचा थर वर येतो आणि गाळ त्यात अडकतो. अर्ध्या तासाने थराला भोक पाडून खालचं सूप डावाने काढा. दुसरी वाट जास्त सोपी: गाळायच्या आधीच लक्षात आलं असेल तर चिंतानचा नाद सोडा, आच मोठी करा, अर्धा लिटर पाणी वाढवा आणि दोन-तीन तास खळखळा उकळून पाइतान करा.

कुकरमध्ये होतं का? होतं, पण शिट्ट्या मोजून नव्हे. बंद दाबाखाली पाणी घुसळत नाही. शिट्टी होते तेव्हा दाब अचानक घटतो, आतलं सूप उसळतं आणि गढूळ होतं. फेस उघड्यावर काढून घ्या, मग झाकण लावा. पहिली शिट्टी होऊ घातली की आच इतकी मंद करा की पुन्हा शिट्टी होणार नाही. अशी पंचेचाळीस मिनिटं. दाब आपोआप उतरू द्या, शिट्टी उचलून वाफ सोडू नका. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही, म्हणजे पाच लिटरच्या कुकरात वरची मापं निम्मी करावी लागतील. पात-आलं नंतर उघड्यावर घाला. दाटपणा उत्तम येतो, सुगंध मात्र पातेल्याइतका नाही.

तारे

आकाशातले नव्हेत. जपानीत ‘तारे’ म्हणजे चवीचा खारट, तीव्र अर्क. वाडग्यातलं सगळं मीठ इथून येतं.

१५० मिली सोया सॉस, ३० मिली मिरिन (स्वयंपाकातलं गोड तांदळाचं मद्य), ३० मिली साके (तांदळाचं मद्य), ५ ग्रॅम कोम्बु, २ वाळलेले शिताके मशरूम, १० ग्रॅम कात्सुओबुशी (धुरावून वाळवलेल्या कुपा जातीच्या माशाच्या सालपटासारख्या चकत्या), ८ ग्रॅम मीठ.

कोम्बु आणि शिताके सोया सॉसमध्ये रात्रभर, निदान चार तास, भिजवा. मिरिन आणि साके वेगळ्या भांड्यात दोन मिनिटं उकळून अल्कोहोल उडवा आणि सोया सॉसमध्ये मिसळा. मंद आचेवर ७०–८० अंशांपर्यंत, म्हणजे कडेला वाफ दिसेपर्यंत तापवा, पण उकळू नका. उकळलेल्या सोया सॉसचा वास करपट होतो. कोम्बु काढा, गॅस बंद करा, कात्सुओबुशी घालून पाच मिनिटं ठेवा, गाळा, मीठ विरघळवा. साधारण २०० मिली व्हायला हवं. मशरूमने सॉस शोषल्याने थोडं कमी भरलं तर पाण्याने २०० पर्यंत न्या, म्हणजे पुढचं माप चुकत नाही.

कोम्बु, शिताके, कात्सुओबुशी असे तीन वेगवेगळे पदार्थ कशाला, तर चवीच्या गुणाकारासाठी. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोम्बुतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो म्हणून बाजारात आलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत उमामी देणारं इनोसिनेट सापडलं. शिताकेत ग्वानिलेट असतं. ग्लुटामेटबरोबर यांतलं एखादं आलं की चव नुसती बेरजेइतकी वाढत नाही, कितीतरी पट वाढते. कोंबडीतही इनोसिनेट असतं, म्हणून कात्सुओबुशी मिळाली नाही तर वगळा. कोम्बु मात्र वगळू नका. कोम्बुच मिळाला नाही तर २ ग्रॅम अजिनोमोटो तारेत घाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कात्सुओबुशीच्या जागी सुकट किंवा सुके बोंबील घालू नका. जपानी निबोशी मासे आधी उकडून मग वाळवतात, आपली मासळी कच्चीच उन्हात वाळते. तिचा उग्र वास सुपावर स्वार होतो.

सोया सॉसच्या बाटलीमागचं वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असेल तर योग्य. कॅरॅमल रंग घातलेला, काळा, दाट चिनी वळणाचा सॉस इथे चालत नाही. रंग काळा येतो आणि चव गुळचट. जपानी बाटलीवर ‘कोइकुचि’ हा नेहमीचा. ‘उसुकुचि’ रंगाने फिका, पण जास्त खारट, तेव्हा तो वापरलात तर वरचं मीठ निम्मं करा. मद्य नको असेल तर मिरिनऐवजी १० ग्रॅम साखर आणि २० मिली पाणी घ्या, साकेऐवजी साधं पाणी.

प्रमाण एका वाडग्याला ३० मिली तारे आणि ३२० मिली सूप. हिशेब असा: जपानी सोया सॉसमध्ये मीठ १६ टक्क्यांच्या आसपास, वरचं मीठ धरून ३० मिली तारेत जेमतेम ५ ग्रॅम मीठ जातं, आणि वाडगा दीड टक्क्याच्या जरा खाली स्थिरावतो. नुसतं पिऊन बघाल तर खारट वाटेल. बरोबर आहे, अळणी नूडल्स आल्यावर ते समेवर येतं. आधी चहाच्या कपात ३ मिली तारे आणि ३२ मिली गरम सूप मिसळून चाखा. वाढताना सुधारण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

सुगंधी तेल

शोयु रामेनवर तरंगणारी सोनेरी वर्तुळं म्हणजे ‘ची-यु’, कोंबडीची वितळवलेली चरबी. २०० ग्रॅम कातडी आणि पिवळी चरबी बारीक कापा, ५० मिली पाणी घालून जाड बुडाच्या भांड्यात अगदी मंद आचेवर ठेवा. पाणी आटेपर्यंत चरबी सुटते आणि कातडी करपत नाही. पाऊण तासाने तडतड थांबत आली की पातीचे चार तुकडे आणि आल्याच्या दोन चकत्या घाला, पाच मिनिटांनी गाळा. रंग फिका पिवळाच हवा. तपकिरी होईपर्यंत नेलं तर तळलेल्या कांद्याचा वास येतो, जो बिर्याणीला छान पण इथे परका. उरलेल्या कातडीवर मीठ टाकून खा, स्वयंपाक्याचा हक्क.

एका वाडग्याला १२ ते १५ मिली. ‘तेल कमी घालू’ असा विचार इथे करू नका. वास तेलातच असतो, आणि वरचा थर सूप गरम ठेवतो.

नूडल्स

रामेनच्या नूडल्स पिवळसर, चिवट आणि गरम सुपातही न लगदणाऱ्या असतात ते ‘कान्सुई’मुळे. कान्सुई म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी. क्षारामुळे ग्लुटेन घट्ट होतं आणि मैद्यातली रंगद्रव्यं पिवळी पडतात. अंडं नसलं तरी नूडल्स पिवळ्या दिसतात त्या म्हणून. पापडाला पापडखार घातल्यावर पीठ कसं कणखर होतं आणि तो खास वास येतो, ते हेच नातं. पण नूडल्समध्ये पापडखार वापरू नका, कारण पाकिटागणिक त्याचं मिश्रण बदलतं आणि ग्रॅमचा हिशेब चुकतो. धुण्याचा सोडा तर मुळीच नको, तो खाण्याच्या प्रतीचा नसतो.

त्याऐवजी खायचा सोडा भाजा. १०० ग्रॅम सोडा स्टीलच्या ताटलीत पसरून १२५ अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, वजन ६३–६५ ग्रॅमवर येतं. तेवढं भरलं की सोडियम कार्बोनेट तयार. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं किंवा फॉइल नको, क्षार ते खातो. भाजलेला सोडा हाताला चुरचुरतो, चमचा वापरा, बाटलीवर नाव लिहा आणि मुलांपासून दूर ठेवा. महिनोन्‌महिने टिकतो.

चौघांसाठी: मैदा ४०० ग्रॅम, भाजलेला सोडा ५ ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम, पाणी १४८ मिली. मशीन नसून लाटण्याने करणार असाल तर पाणी १६० मिली. मैद्याच्या पाकिटावर प्रथिनं ११ टक्क्यांच्या आसपास असावीत. ९–१० असतील तर १० ग्रॅम ग्लुटेन पावडर मिसळा.

सोडा पाण्यात पूर्ण विरघळवा, मग मीठ. मैद्यावर हे पाणी तीन हप्त्यांत शिंपडत बोटांनी फेटा. पोळीच्या कणकेसारखा गोळा होणारच नाही. झाला तर पाणी जास्त झालं. दिसायला ओल्या ब्रेडच्या चुऱ्यासारखं, आणि मुठीत दाबलं की मुटका वळेल पण बोटाने टोचलं की फुटेल, एवढंच हवं. इथे घाबरून पाणी वाढवणं ही सर्वांत मोठी चूक. चुरा झाकून अर्धा तास ठेवा, पाणी आपसूक मुरतं.

मग चुरा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, कापड घालून पायाने दाबा. पोळपाटावर हात मोडण्यापेक्षा शरीराचं वजन कामी येतं. सपाट झाला की घडी, पुन्हा दाब, तीन-चार वेळा. तासभर विश्रांती. मशीनच्या सर्वांत रुंद फटीतून पट्टी काढा. पहिल्या दोन खेपांना ती फाटते, कडा चिरतात, दुर्लक्ष करा. दुमडून परत घाला. चौथ्या खेपेला ती गुळगुळीत होते. पुन्हा अर्धा तास झाकून ठेवा, मग १.५ मिलिमीटर जाडीपर्यंत नेऊन तेवढ्याच रुंदीत कापा. मक्याचं किंवा बटाट्याचं स्टार्च भुरभुरा, मैदा नको. तो उकळताना पाणी चिकट करतो. प्रत्येकी १४० ग्रॅमची चार घरटी करून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. शिळ्या नूडल्स ताज्यापेक्षा जास्त चिवट होतात. तीन दिवसांनंतर करड्या पडतात.

एवढं करायचं नसेल तर बारीक स्पॅगेटी किंवा केस-बारीक कापेलिनी घ्या आणि लिटरभर पाण्यात १० ग्रॅम न भाजलेला खायचा सोडा घालून उकळा. वास आणि चिवटपणा बराच जवळ जातो. पाणी फेसाळून उतू जातं, मोठं भांडं घ्या आणि शिजल्यावर गरम पाण्याने एकदा धुऊन निथळा, नाहीतर साबणाची चव राहते. घरच्या नूडल्सनाही साबणाची चव आली तर सोडा पुढच्या वेळी ४ ग्रॅमवर आणा.

वरचं सामान

मांडीचे कातडीसकट, हाड काढलेले दोन तुकडे (एकूण ५०० ग्रॅम) कातडी बाहेर ठेवून गुंडाळा आणि सुती दोऱ्याने बांधा. तव्यावर सगळीकडून खरपूस करा. ३०० मिली पाणी, १०० मिली सोया सॉस, ६० मिली मिरिन, ६० मिली साके, २० ग्रॅम साखर यांत मंद आचेवर पंचवीस मिनिटं, मधे उलटून शिजवा. मधोमध ७५ अंश हवेत. निवल्यावर त्याच रसात फ्रिजमध्ये ठेवा. गारच कापा, पाच-सहा मिलिमीटरच्या चकत्या. गरम कापायला गेलात तर गुंडाळी सुटते.

अंडी फ्रिजमधून थेट उकळत्या पाण्यात. ५० ग्रॅमच्या अंड्याला सव्वासहा मिनिटं, ६० ग्रॅमच्याला सात. बोथट टोकाला टाचणीने भोक पाडा, पहिली दोन मिनिटं पाणी हळू फिरवत ठेवा म्हणजे पिवळं मधोमध बसतं. लगेच बर्फाच्या पाण्यात, मग सोला. मांसाचा उरलेला रस गाळून, उकळून, पूर्ण गार करून त्यात अंडी रात्रभर बुडवा. बारा तासांपुढे पांढरं रबरासारखं होतं. गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस खाणार असेल तर अंडं पूर्ण उकडा.

बाकी पातीचा कांदा बारीक चिरून, नोरीचा (कागदासारख्या वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) एक चौकोन, उकडून पिळलेला पालक. मेन्मा, म्हणजे आंबवलेले बांबूचे कोंब, मिळाले तर उत्तम. डब्यातले साधे कोंब धुऊन, पट्ट्या कापून, थोड्या तिळाच्या तेलावर परतून दोन चमचे तारे घातलं तरी भागतं. कच्चे वास्ते आणले असतील तर पाणी बदलून दोनदा चांगले उकळल्याशिवाय वापरू नका.

जुळणी

सातशे-आठशे मिलीचे वाडगे लागतात. सगळं हाताशी मांडून घ्या, कारण एकदा नूडल्स पाण्यात पडल्या की घड्याळ तुमच्या हातात राहत नाही. एका वेळी दोनच वाडगे करा.

सूप दुसऱ्या शेगडीवर उकळीच्या काठावर आणा. या टप्प्यावर क्षणभर उकळी आली तरी बिघडत नाही. वाडग्यांत उकळतं पाणी ओतून ठेवा. नूडल्ससाठी चार लिटर पाणी, मीठ नाही, तेल नाही. घरट्यांवरचं स्टार्च झटका, नूडल्स सोडा, काडीने लगेच सुट्या करा. दीड मिनिटानंतर एक चाखा. आतून किंचित कच्ची लागली पाहिजे, ती सुपात पुरी होते.

पहिलं मिनिट सरलं की वाडग्यातलं पाणी फेका, ३० मिली तारे आणि चमचाभर तेल घाला, वरून ३२० मिली सूप उंचावरून ओता. धारेनेच मिसळतं. नूडल्स जाळीत घेऊन दोन-तीन झटके जोरात द्या. प्रत्येक झटक्याला पाणी उडताना दिसायला हवं. जाळीत राहिलेलं पाणी सूप फिकं करतं, आणि मग दोष तारेवर जातो. नूडल्स सुपात सोडा, काडीने एकदा उचलून परत घडी घातल्यासारख्या खाली ठेवा. वर मांसाच्या चकत्या, अर्धं अंडं, पालक, मेन्मा, पात, शेवटी कडेला नोरी. मांस फ्रिजमधून थेट ठेवलं तर वाडगा निवतो. चकत्या आधी तव्यावर वीस सेकंद गरम करा.

पहिले दोन वाडगे वाढले की त्यांना थांबवू नका, बाकीच्यांचं यायचं असलं तरी. पाच-सात मिनिटांत नूडल्स फुगतात. आवाज करत ओढल्या तर वाराही लागतो आणि वासही नाकात जातो, तिथे तो असभ्यपणा मानत नाहीत.

नूडल्स संपल्या आणि सूप उरलं असेल तर टाकू नका. पातेल्यात घेऊन वाटीभर भात घाला, थोडं पाणी घालून खारटपणा उतरवा, दोन-तीन मिनिटं शिजवा, फेटलेलं अंडं गोल धारेने सोडा आणि झाकण ठेवून गॅस बंद करा. मिनिटभराने झोसुई तयार असतं.